सिंगापूरकडे एवढा पैसा आहे, तरी वीज अजून गॅसवरच का?

अंजनवेलची_आत्या:
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच स्वतःहून धागा काढतेय, नाहीतर मी आपली पाककृतींच्या विभागातच असते. जानेवारी ते मार्च लेकीकडे सिंगापूरला होतो, मी आणि हे. नात झाली म्हणून गेलो, त्यामुळे फिरणं कमी आणि दुपटी धुणं जास्त, पण एका रविवारी जावईबापूंनी मरिना बराजला नेलं. म्हणजे खाडीच्या तोंडाला दारं बसवून समुद्राचं पाणी बाहेर ठेवलंय आणि आत गोडं पाणी साठवलंय, आपल्या खारबंधाऱ्याचा श्रीमंत चुलतभाऊ म्हणा. तिथे पर्यावरणाचं एक छान प्रदर्शन पण आहे. ते बघून येताना मी सहज म्हटलं की यांची वीज सगळी सूर्यावरच असेल ना, तर जावई हसायला लागले, म्हणाले आई, ९५ टक्के वीज गॅसवर आहे.

आता आम्ही पडलो अंजनवेलचे. एन्रॉन (गॅसवरचं वीजकेंद्र, नाव बदलून किती वर्षं झाली तरी आमच्याकडे एन्रॉनच म्हणतात) आमच्या डोळ्यासमोर उभं राहिलं, बंद पडलं, परत चालू झालं. गॅसवरची वीज म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण सिंगापूरचं मला कळेना. पैसा आहे, शिस्त आहे, सरकारने सांगितलं की उद्यापासून हे बंद तर खरंच बंद होतं, कचऱ्याचं बघा, गाड्यांचं बघा. मग हेच का जमत नाही? २०५० पर्यंत नेट झिरो (म्हणजे जेवढा धूर सोडायचा तेवढाच शोषून हिशोब शून्यावर आणायचा) म्हणतात ते नुसतं बोलायचं आहे का? चिपळूणला माझा भाचा आहे तो म्हणतो, आत्या, जगाच्या धुरात त्यांचा वाटा ०.१ टक्का, त्यांनी केलं काय नि नाही केलं काय. मला हे उत्तर पटलं नाही पण खोडता पण आलं नाही. कोणी तिकडे राहिलेलं असेल तर सांगा.

देवबागचो_बाबलो:
आत्यानू, पैसो आसा म्हणान काय झाला, जागा खंयसून हाडतले?

(बाकीचा मराठीतच लिहितो नायतर ॲडमिन ओरडतील.) आख्खा देश ७३५ चौरस किलोमीटर. आमच्या एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात सात सिंगापूर बसतील. आमची वस्ती मागच्या जनगणनेत साडेआठ लाख, त्यांची ६० लाख. एवढं बोलून मी खाली बसतो, जाणकार येतीलच.

वाशिष्ठी_काठ:
आत्या, मी ९ वर्षं सिंगापूरच्या जुरॉंग बेटावर होतो, तिकडची रिफायनऱ्यांची जागा, प्रोसेस इंजिनियर, आता चिपळूणला परत आलोय (तुमचा भाचा माझ्या ओळखीतला निघायचा बहुतेक). मोठं उत्तर आहे, चहा घेऊन बसा.

बाबल्याने जागेचं सांगितलं ते बरोबर आहे पण नुसती जागा नाही, तिकडे निसर्गानेच हात आखडता घेतलाय. वारा सरासरी सेकंदाला २ मीटर, त्यावर पवनचक्कीचं पातं नीट हलायचं पण नाही. भरती-ओहोटीतला फरक दीड-पावणेदोन मीटरच्या आसपास, त्यावर वीज काढणं परवडायचं नाही. नदी म्हणावी अशी मोठी नदी नाही आणि डोंगर म्हणजे बुकित तिमाह, १६३ मीटर, आपल्याकडे त्याला टेकडी पण म्हणणार नाहीत, त्यामुळे जलविद्युत विसरा. जमिनीखाली गरम पाणी सापडलंय पण त्यावर देश चालेल असं काही अजून नाही. राहता राहिला सूर्य. तर विषुववृत्तावर ऊन असतं पण ढगही रोजचे असतात, दुपारी तीनला काळोख करून येतो आणि तासाभरात परत लख्ख.

तरी त्यांनी सौर केलंय हां, टाळाटाळ नाही केली. सरकारी इमारतींच्या गच्च्या बघितल्या असतील तुम्ही, तुमच्या लेकीच्या इमारतीवर पण असतील पॅनल. टेंगे जलाशयावर २०२१ मध्ये तरंगतं सौर केंद्र केलं, १ लाख २२ हजार पॅनल, ४५ हेक्टर पाण्यावर, ६० मेगावॅट. आता माझा कागदावरचा हिशोब बघा, ढोबळ आहे. देशाला वर्षाला साधारण ५५०० कोटी युनिट वीज लागते. १ मेगावॅट सौर तिकडच्या ढगाळ उन्हात वर्षाला बारा लाख युनिट देतं असं धरा. म्हणजे सगळी वीज सूर्यावर करायची तर साधारण ४६ हजार मेगावॅट पॅनल लागतील, आणि टेंगेच्या दराने जागा मोजली तर साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास जाते. निम्मा देश! मग विमानतळ कुठे, बंदर कुठे, माणसं कुठे ठेवायची? आणि रात्रीसाठी बॅटऱ्या लागतील त्या मी मोजल्याच नाहीत. म्हणून त्यांचं २०३० साठी २ हजार मेगावॅटचं जे लक्ष्य ठरलं होतं ते गाठलं तरी गरजेच्या ३ टक्क्यांच्या आसपासच भरतं. हे ३ टक्के ऐकलं की सगळे गप्प होतात.

दुसरं म्हणजे जे एका फटक्यात करण्यासारखं होतं ते करून बसलेत. २००० साली त्यांची गॅसवरची वीज फक्त १९ टक्के होती, बाकी बहुतेक फर्नेस ऑइल. ते बदलून गॅस आणला, आणि गॅसचा धूर तेला-कोळशापेक्षा खूप कमी. तेव्हा आकडे छान खाली आले. आता पुढची पायरी कुठली? आपल्याकडे कोळशाचं केंद्र बंद करून दुसरं काही आणता येतं, आपल्याला उतरायला अजून खूप पायऱ्या आहेत. त्यांच्या उरल्यात त्या सगळ्या उंच नि महागड्या. हायड्रोजनचं धोरण २०२२ ला काढलं, म्हणतात २०५० पर्यंत निम्म्यापर्यंत वीज त्यावर होऊ शकेल, पण तो हायड्रोजन पण बाहेरूनच जहाजाने आणायचा. कार्बन पकडून जमिनीखाली पुरायचा तर पुरण्याजोगे खडक देशात सापडलेले नाहीत, म्हणजे कार्बनसुद्धा एक्स्पोर्ट करायचा!

अणुऊर्जेचं विचाराल तर २०१२ मध्ये अभ्यास करून त्यांनीच सांगितलं की तेव्हाच्या मोठ्या अणुभट्ट्या आमच्या एवढ्याशा दाट देशाला योग्य नाहीत. आपल्या जैतापूरच्या नकाशाशी तुलना करा. तिथे ठरलेत ६ रिअॅक्टर मिळून ९९०० मेगावॅट, ते सिंगापूरच्या ऐन दुपारच्या मागणीपेक्षा जास्त आहे. माडबनला (म्हणजे त्या प्रकल्पाच्या जागी) काही झालं तर लोकांना निदान राजापूर, रत्नागिरीकडे पळवता येईल, तिकडे ६० लाख लोकांना पळवायचं कुठे, मलेशियात जाणाऱ्या जोहोरच्या पुलावर? आता छोट्या अणुभट्ट्यांचा नव्याने अभ्यास चाललाय, बांधायचं काही ठरलेलं नाही.

राहिला कार्बन टॅक्स, म्हणजे सोडलेल्या कार्बनवर टनामागे कर. २०१९ ला टनाला ५ डॉलर होता (त्यांचे डॉलर, एकाचे साठ-सत्तर रुपये धरा), २०२४ ला एकदम २५, २०२६ पासून ४५, आणि २०३० पर्यंत ५० ते ८० करणार म्हणतात. वर्षाला २५ हजार टनांच्या वर सोडणाऱ्या सगळ्यांना. मी ज्या कंपनीत होतो (नाव नको) तिथे ५ डॉलर होते तेव्हा कोणी ढुंकून बघत नव्हतं, मीटिंगमध्ये शेवटची दोन मिनिटं. २५ झाल्यावर अचानक वाफेच्या पाइपांचं इन्सुलेशन आठवलं सगळ्यांना, जे मी चार वर्षं सांगत होतो. पण मोठ्या निर्यातदार कारखान्यांना सवलत पण दिलीय, कारण जास्त ताणलं तर कारखाना उठून दुसरीकडे जाईल ही भीती.

तुमच्या भाच्याचं ०.१ टक्क्याचं: ग्रामपंचायतीची पाणीपट्टी थकवणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. आणि माणशी काढलं तर सिंगापूरचे १० टन पडतात, आपले ३ पण नाहीत.

इंजिनरूम_ते_अंगण:
वरच्या भाऊंनी जमिनीवरचं सगळं सांगितलं, मी पाण्यावरचं सांगतो. बावीस वर्षं जहाजावर, सेकंड इंजिनियर म्हणून उतरलो, आता वेंगुर्ल्याला काजू बघतो.

सिंगापूरच्या अँकरेजला किती वेळा बंकर घेतलं त्याचा हिशोब नाही. बंकर म्हणजे जहाजाचं इंधन. रात्री बघितलंत तर समुद्रात शहर वसलंय असं वाटतं एवढी जहाजं नांगरून असतात, बार्ज येते, होस लावतात, आम्ही टाक्यांचं साउंडिंग घेत (म्हणजे आत तेल किती ते मोजत) रात्रभर जागे. पूर्वी मापात फसवाफसवी चालायची, तेलात हवा मारून फेस करायचे, त्याला आम्ही कॅपुचिनो म्हणायचो. २०१७ पासून त्यांनी मास फ्लो मीटर (तेलाचं थेट वजन मोजणारे) सक्तीचे केले तेव्हा कुठे जरा झोप मिळायला लागली.

मुद्दा असा. जगात सगळ्यात जास्त बंकर इथे विकलं जातं. २०२४ मध्ये जवळपास साडेपाच कोटी टन. एक टन फ्युएल ऑइल जाळलं की ३ टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, हे आम्हाला परीक्षेलाच असायचं. गुणाकार करा, १७ कोटी टन येतात. आणि सिंगापूर देशाचं स्वतःचं सगळं उत्सर्जन, कारखाने, वीज, गाड्या सगळं धरून, २०२२ मध्ये ६ कोटी टनांपेक्षा थोडं कमी. म्हणजे विकलेल्या इंधनाचा धूर देशाच्या धुराच्या जवळपास तिप्पट! पण तो त्यांच्या खात्यावर लागत नाही, आंतरराष्ट्रीय जहाजं-विमानांचं इंधन वेगळं दाखवायचं, देशाच्या बेरजेत धरायचं नाही असा नियमच आहे संयुक्त राष्ट्रांचा. कोणाच्याच खात्यावर नाही.

यात मी सिंगापूरला शिव्या घालत नाहीये. ते जहाज चीनमधून माल घेऊन हॉलंडला चाललंय, मालक ग्रीक, झेंडा पनामाचा, इंजिनात मी वेंगुर्ल्याचा. धूर कोणाचा लावणार? पण छोट्या श्रीमंत देशाचं हे असंच असतं, त्यांची कमाईच मुळी दुसऱ्यांच्या येण्याजाण्यावर. आणि त्यांनी उद्या बंकर विकणं बंद केलं तर आम्ही पलीकडे मलेशियाच्या हद्दीत घेऊ, एका वॉचचं (चार तासांच्या पाळीचं) पण अंतर नाही.

राजापूरचा_सडा:
आता मी जरा कडू बोलणार आहे, आधीच माफी.

वाशिष्ठीभाऊ म्हणाले कारखाना उठून दुसरीकडे जाईल. ती दुसरीकडची जागा म्हणजे आम्ही. जुरॉंगला सात बेटं भराव घालून एक केली आणि त्यावर रिफायनऱ्या आणि पेट्रोकेमिकल उभे केले, त्यातून देश श्रीमंत झाला, आता कार्बन टॅक्स लावून ते स्वच्छ होणार. होऊदेत. पण जगाला प्लास्टिक नि डिझेल लागतंच आहे, मग ते बनणार कुठे? नाणारला ६ कोटी टनांची रिफायनरी आणायची होती, २०१९ ला नाणार रद्द झालं, मग बारसूचा सडा. २०२३ च्या एप्रिलात माती परीक्षणाला आले तेव्हा आमच्या बायका उन्हात कातळावर झोपून होत्या. त्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीची खोदचित्रं आहेत. मला कोणाच्या हेतूवर शंका घ्यायची नाही, एवढंच म्हणतोय की श्रीमंत देशाचा आकडा खाली गेला म्हणजे धूर कमी झाला असं नसतं, कधी कधी नुसता पत्ता बदलतो.

वाशिष्ठी_काठ:
@राजापूरचा_सडा, अर्धं मान्य, अर्धं नाही. बारसूचा प्रकल्प सिंगापूरने ढकललेला नव्हता, तो आपल्याच सरकारी तेल कंपन्यांचा आणि सौदीवाल्यांचा होता, आपल्याच देशातल्या मागणीसाठी. ते इथे जोडू नका. पण पत्ता बदलतो हे खरंच आहे, त्यालाच घाबरून सवलती देतात असं मी वर म्हटलंय. आणि दुसरी बाजू पण बघा, जुरॉंगचा नवा प्लांट जुन्यापुराण्या प्लांटपेक्षा टनामागे कमी जाळतो. तो बंद होऊन तेच काम कुठेतरी खटारा प्लांटमध्ये गेलं तर पृथ्वीचं नुकसानच. हे मी नोकरीला होतो म्हणून म्हणतोय असं वाटेल, वाटूदे.

राजापूरचा_सडा:
सौदीचं मान्य, तेवढं मागे घेतो. कातळाचं नाही.

अंजनवेलची_आत्या:
अरे बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं मी. हे म्हणतायत गाड्यांचं कोणीच बोललं नाही. तिकडे गाडी घ्यायला आधी परवाना घ्यावा लागतो तो दहा वर्षांचाच, आणि त्याचा लिलाव होतो. जावई म्हणत होते २०२३ मध्ये छोट्या गाडीचा परवानाच १ लाख डॉलरच्या वर गेला होता, गाडीचे पैसे वेगळे! म्हणून ते आपले मेट्रोने जातात. हे तर फार चांगलं आहे ना धुरासाठी?

आणि अजून एक. स्वतःकडे नाही तर शेजाऱ्याकडून का घेत नाहीत वीज? पाणी तर घेतात ना मलेशियाकडून.

देवबागचो_बाबलो:
आत्यानू, लाखभर डॉलरचो परवानो! तेवढ्यात हय मिनी ट्रॉलर येयत.

वाशिष्ठी_काठ:
हो, गाड्यांचं ते जबरदस्त आहे, २०१८ पासून खासगी गाड्यांची वाढ शून्यावर धरलीय, एक मोडीत निघाली तरच दुसरी. पण गंमत अशी की गाड्या मुळातच कमी म्हणून त्यातून अजून कमी करायला फार उरत नाही. सगळ्यात मोठे वाटे कारखाने आणि वीजनिर्मितीचे. त्यात आता डेटा सेंटर, ती एकटी ७ टक्के वीज खातात, मध्ये २०१९ पासून दोन-तीन वर्षं नवीन डेटा सेंटरला परवानगीच बंद ठेवली होती. आपण इथे हे टाइप करतोय ते पण कुठल्या तरी असल्याच थंड खोलीत साठतंय.

शेजाऱ्याचं तुम्ही बरोब्बर विचारलंत, सगळी मदार आता त्यावरच आहे. २०२२ च्या जूनपासून लाओसची जलविद्युत थायलंड, मलेशिया अशी दोन देशांच्या तारांतून सिंगापूरला यायला लागली, सुरुवात फक्त १०० मेगावॅट. आता २०३५ पर्यंत ६ हजार मेगावॅट बाहेरून आणायचं म्हणतायत, इंडोनेशियाचं सौर, कंबोडिया, व्हिएतनाम, आणि एक तर थेट ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून समुद्राखालून केबल, ४३०० किलोमीटर. आपली कोकण रेल्वे ७४१ किलोमीटर, तिच्या जवळपास सहापट, आणि तीही पाण्याखाली. तिला तत्त्वतः मान्यता आहे, केबल अजून पडलेली नाही.

पण शेजारी म्हणजे शेजारी. त्यांनाही स्वतःची वीज स्वच्छ करायचीच आहे. मलेशियाने २०२१ मध्ये सांगून टाकलं, हरित वीज सिंगापूरला विकायची नाही, आधी आमच्या घरात. २०२३ ला ती बंदी उठवली. उद्या परत घातली तर? देशाची एक तृतीयांशाच्या आसपास वीज दुसऱ्याच्या हातातल्या बटणावर ठेवायची म्हणजे केवढं धाडस. म्हणून पैसा असून उपयोग होत नाही म्हणतो ते इथे, पैशाने केबल मिळते, पलीकडचं राजकारण मिळत नाही.

मला हे वाचलं की आपलं पोफळी आठवतं. कोयनेचं पाणी घाटाखाली आपल्या चिपळूण तालुक्यात उतरतं, १९६० मेगावॅटचा प्रकल्प, डोंगराच्या पोटात जनित्रं फिरतात, वीज सगळ्या महाराष्ट्राला जाते आणि पाणी वाशिष्ठीतून आमच्या दारावरून समुद्राला. आमच्याकडे लोडशेडिंग असायचं त्या काळात आजोबा कंदील पेटवताना म्हणायचे, आपलंच पाणी मुंबईत पंखे फिरवतंय. सिंगापूरला आता असं एक पोफळी पाहिजे आहे, परदेशात. लाओसमधला कोणी आजोबा काय म्हणत असेल देव जाणे.

इंजिनरूम_ते_अंगण:
@वाशिष्ठी, हे शेवटचं आवडलं. मेकाँगला धरणांवरून मासेमारांची ओरड बरीच वर्षं आहे, खालच्या बाजूला कंबोडिया-व्हिएतनामपर्यंत. जलविद्युत म्हटलं की हिरवा टिक मारून मोकळे होतात सगळे.

मास्तरीण_दापोली:
धागा वाचतेय केव्हापासूनची. दहावीच्या मुलांना यातलं काय सांगता येईल बघतेय. एक शंका, त्यांच्याकडे एसी एवढे का लागतात? उकाडा तर आपल्याकडेही तेवढाच आहे की.

अंजनवेलची_आत्या:
मास्तरीणबाई, त्याचं मी सांगते, त्यातली तज्ज्ञ मीच. तिकडे बाराही महिने आपला मे महिना, रात्री पण उतार नाही. अकराव्या मजल्यावर समोर भिंत, मागे भिंत, सगळं काँक्रीट तापलेलं, आणि प्रत्येकाच्या एसीचा गरम वारा दुसऱ्याच्या खिडकीत. पहिले चार दिवस मी हट्टाने एसी बंद ठेवला, पाचव्या दिवशी नातीच्या अंगावर घामोळं उठलं तेव्हा गप्प बसले. बाहेर बांबूवर कपडे वाळत घालायचे ते मात्र मस्त, मशीनमधले नाहीत.

लेक मे महिन्यात इकडे येणार आहे बाळाला घेऊन. काल फोनवर म्हणाली, आई, माजघरात एक एसी बसवून घे ना. मी म्हटलं आधी कौलं शाकारून घेते, वाळ्याचे पडदे लावते, मग बघू. हे लगेच उठून मिस्त्रीला फोन लावायला गेलेत, कौलांच्या की एसीच्या ते अजून विचारलं नाही.